नर्सबाईंचा पाऊस

नर्सबाईंच्या घरी पाऊस पडत नसे. म्हणजे पडायचा. अंगणात पडायचा, विहिरीत पडायचा, वरच्या खोलीत माझ्या उशाशी ठेवलेल्या पातेल्यातही टपटपायचा. पण परगावचा माणूस समोर बसलेला असला की बाईंच्या लेखी रत्नागिरीत पाऊस नावाची गोष्टच नव्हती. एकदा गणपतीला त्यांच्या सुनेचे आईवडील पुण्याहून आले होते. पागोळ्या अशा लागलेल्या की समोरचं फाटक दिसत नव्हतं. विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "केवढा हा पाऊस तुमच्याकडे." बाईंनी दाराबाहेर नजर टाकली, विहीणबाईंच्या मोदकावर तूप सोडलं आणि म्हणाल्या, "कसला पाऊस? दव आहे."

पाहुणे गेले त्या संध्याकाळी मात्र त्यांनी पावसाला जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. मेल्याला कामधंदा नाही, मेल्याला घरदार नाही, ही त्यातली सौम्य वाक्यं. मी विचारलं, मघाशी तर तुम्ही दव म्हणालात. तर म्हणाल्या, "आपल्या पोराला आपण बदडतो गो. शेजारणीने हात लावलान तर चालेल काय?"

त्या सरकारी उपकेंद्रात नर्स होत्या. मी भाड्याने राहायला गेले तेव्हा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण गावाच्या दृष्टीने त्या कधी निवृत्त झाल्याच नाहीत. आडनाव कोणी घेत नसे. नर्सबाई म्हटलं की रिक्षावाला थेट फाटकाशी आणून सोडायचा. अर्ध्या तालुक्याला पहिली सुई त्यांनी टोचलेली, त्यामुळे गावातली कोणतीही पंचविशीतली मिशी त्यांच्यासमोर आपोआप खाली मान घालायची. नगरसेवक असो, नाहीतर बुलेटवरून फिरणारा कुणाचा भाचा, बाई त्याच्या डाव्या दंडाकडे बघून बोलायच्या. "तू तो. सगळ्यात जास्त रडलेला."

मी संगमेश्वराकडच्या एका वाडीतली. बी.कॉम. झालेली आमच्या घरातली पहिली, आणि हे मी त्या काळात ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात सांगत असे. एका आंबा कॅनिंगवाल्याच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून शहरात खोली बघत होते. बाईंनाही मी दुसऱ्या वाक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता ती बादली उचल, जिन्यात पागोळी लागलीय." हे पहिल्याच दिवशी. परगावचं समजण्याइतकी मी लांबची नव्हते, याचा मला पुढे बराच अभिमान वाटला.

पावसाळ्यात त्यांच्या पडवीत दोऱ्याच दोऱ्या असायच्या. त्यावरच्या कपड्यांना त्या हाताची पालथी बाजू लावून बघायच्या, पोराच्या कपाळाला लावावी तशी. "उतरतोय," असं म्हणायच्या, नाहीतर "अजून आहे, राहू दे." माझे ऑफिसचे कपडे चार महिने आजारीच असायचे.

आणि कबड्डी. घरात देवाच्या फोटोंशेजारी जिल्ह्याच्या मुलींच्या संघाचा फोटो होता, आणि उदबत्ती दोघांना मिळून एकच. सामना कुठेही असो, बाई सगळ्यांच्या आधी हजर. पिशवीत ग्लुकोज, बँडेज, वेदनाशामक मलम आणि चकल्या. बसायची जागा संघाच्या बाकामागे, बाजूला त्यांच्या मैत्रिणींची फौज: जुन्या नर्सा, अंगणवाडीच्या ताई, मासळी बाजारातल्या दोघीतिघी. या बायका ओरडायला लागल्या की समोरच्या संघाचा प्रशिक्षक कानाला हात लावायचा. बाईंचं ओरडणं मात्र वेगळ्या जातीचं होतं. सगळी नोकरी बाळंतपणं करण्यात गेलेली, त्यामुळे चढाईला निघालेल्या पोरीला त्या बाळंतिणीला सांगावं तसं सांगायच्या. "श्वास सोडू नको. सोडू नको हां. आता लाव जोर. अजून. शाब्बास, आली बघ." नव्याने सामना बघायला आलेली माणसं मॅटवर नक्की काय चाललंय म्हणून मान उंच करायची.

ही सगळी गोष्ट ज्या वर्षी घडली त्या वर्षी मुलींची एक राज्यपातळीवरची स्पर्धा गावोगाव फिरत होती. दर शनिवार-रविवारी एका शहरात सामने. आमच्या वाट्याला गणपतीनंतरचे दिवस आले. पुण्याचा एक खेळाचा चॅनेल, मोबाइलवर बघतात तसला, सगळ्या सामन्यांचं चित्रण करायचा. त्याचा निवेदक म्हणजे एक हसऱ्या तोंडाचा तरुण पोरगा, केसांना मेण लावलेला. पहिल्याच दिवशी तो आमच्या हॉलच्या दारात उभा राहिला आणि कॅमेऱ्याला म्हणाला, "मित्रांनो, आपण आलोय रत्नागिरीत. इथे माणसं वाळत नाहीत, फक्त निथळतात."

हे गावभर फिरलं. बाईंनी माझ्या फोनवर तीनदा बघितलं. चष्मा पुसून चौथ्यांदा बघितलं. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि वरवंट्याचा आवाज यायला लागला. मिक्सर असताना पाटा-वरवंटा काढला की समजायचं, कोणाचं तरी काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी सामन्याला जाताना त्यांनी हुकूम काढला. हॉलच्या फाटकापासून दारापर्यंत तो पोरगा कॅमेरा घेऊन उभा असेल. तेवढ्या टापूत कोणी छत्री उघडायची नाही. पळायचं नाही, पदर डोक्यावर घ्यायचा नाही. लग्नाला चालल्यासारखं चालायचं, आणि त्याने विचारलंच तर म्हणायचं, कसला पाऊस?

पाऊस त्या दिवशी वेड्यासारखा होता. आणि आम्ही, पन्नाशी-साठीच्या बायका आणि मधे एक मी बी.कॉम., मिटलेल्या छत्र्या हातात धरून, हसत, सावकाश, त्या फाटकातून दारापर्यंत चालत गेलो. मासळी बाजारातल्या एकीने तर मधे थांबून केसातला गजरा नीट केला. निवेदकाने तोंडाचा आ केला होता. मला वाटलं, जिंकलो. संध्याकाळी त्याने आमची ती चाल हळू गतीने दाखवली आणि खाली लिहिलं, "रत्नागिरीत कपड्यांसकट अंघोळ करायची प्रथा आहे."

बाईंना दोन दिवस सर्दी होती. ती सर्दी नाही, उन्हाचा त्रास आहे, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

इथवर सगळं चेष्टेवारी होतं. खरी अडचण निघाली ती छपरातून. आमच्या हॉलवर पत्रा आहे. त्यावर कोकणचा पाऊस पडला की आत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि कबड्डीत चढाई करणारीने तोंडाने "कबड्डी, कबड्डी" असा सलग दम घ्यायचा असतो, आणि तो पंचांना ऐकू यावा लागतो. ऐकू आला नाही तर दम गेला असं धरून चढाई फुकट. आमच्या पोरी याच पत्र्याखाली वाढलेल्या, त्यांचे गळे तसेच तयार झालेले. बाहेरच्या पोरी बिचाऱ्या नेहमीच्या आवाजात दम घ्यायच्या, आणि पंच त्यांना परत पाठवायचे. नाशिकच्या मुली रडल्या. त्यांचे प्रशिक्षक पंचांशी भांडले. चॅनेलवाल्याला तर दिवाळीच. "रत्नागिरीत कबड्डी खेळायला पाय नकोत, भोंगा लागतो," हे त्याचं त्या दिवशीचं वाक्य.

त्यातून बातमी आली. उपांत्य फेरी रत्नागिरीला ठरलेली होती, ती पुण्याला हलवायचं आयोजकांच्या मनात आहे. एक निरीक्षक शेवटच्या साखळी सामन्याला येऊन बघणार. पावसात दम ऐकू येतोय असं त्याला दिसलं तर फेरी इथे, नाहीतर पुण्याला.

ही बातमी आमच्या अण्णांनी आणली. अण्णा म्हणजे पावस गावचे बागायतदार, हापूसची मोठी बाग, आणि कबड्डीला पैसा लावणाऱ्यांत पहिले. त्यांनी बाईंना दिलासा द्यायचा म्हणून सांगितलं, काळजी करू नका, पुण्याला गेली फेरी तर मी दोन गाड्या करतो, सगळे जाऊ. बाईंनी त्यांना चहा दिला नाही. हे त्यांच्या बाबतीत फारच होतं.

अण्णा गेल्यावर मी म्हटलं, जाऊ की आपण गाडीने. बाई पडवीत बसून तापवलेल्या दुधावरची साय काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कोण जाईल? मी जाईन, तू जाशील. त्या मासेवाल्या शनिवारचा बाजार सोडून पुण्याला जातील काय? ती अंगणवाडीची तिच्या सासूला कोणाकडे ठेवील?" मग साय वाटीत सोडत त्यांनी एरवी कधी न सांगितलेलं सांगितलं. शाळेत असताना त्या स्वतः चढाई करायच्या. विभागाचा शेवटचा सामना इथेच व्हायचा होता. मैदानात पाणी साठलं म्हणून तो साताऱ्याला नेला. वडील म्हणाले, घाट चढून पोरी खेळायला जात नाहीत. संघ गेला, सामना झाला. नंतर लग्न झालं, नर्सिंग झालं. "पावसाला मी शिव्या घालते त्या उगाच नाय घालत गो," एवढंच म्हणून त्यांनी वाटी झाकली.

तेव्हा मला कळलं की त्यांना पाऊस लपवायचा नव्हता. तो निमित्त म्हणून वापरला जातो, ते त्यांना खपत नव्हतं.

उपाय निघाला माझ्या तोंडून, पण त्यात माझी हुशारी काही नाही. जेवताना बाई पत्र्याच्या आवाजाबद्दल बडबडत होत्या आणि मी सहज बोलून गेले की आमच्या गोठ्यात कितीही पाऊस पडला तरी कळत नाही, वर पेंढा असतो ना, मी दहावीचा अभ्यास तिथेच केला. बोलले आणि जीभ चावली, कारण गोठ्याची गोष्ट मी ऑफिसात कोणाला सांगितली नव्हती. बाईंचा घास हातातच राहिला. "गोठ्यात," त्या म्हणाल्या. "अगो, गोठ्यात." आणि उठून हात धुतले, अर्धं जेवण टाकून.

दोन दिवसांत हॉलच्या छपरावर अर्धा जिल्हा चढला. गुहागरहून कुणीतरी नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं टेम्पो भरून पाठवली. गोणपाटं बाजारपेठेतून आली. गेल्या वर्षीचा उरलेला पेंढा आमच्या वाडीतून आला. बाबांनी फोनवर विचारलं, नवा पेंढा येईपर्यंत गुरांनी काय कबड्डी खायची काय? मी म्हटलं, नर्सबाईंनी मागितलाय. त्यावर बाबांनी टेम्पो भरायला घेतला. बाईंची पहिली नेमणूक आमच्याकडचीच, त्यामुळे त्यांच्याही दंडावर बाईंचीच खूण होती.

वर चढलेली पोरं सगळी बाईंनी टोचलेली. त्या खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि एकेकाला हाक मारून सांगत होत्या, तिथे उघडं राहिलंय, पोराला दुपट्यात गुंडाळतात तसं गुंडाळ. एकाने वरून मुद्द्याचं विचारलं. "बाई, पण पत्रा वाजतो म्हणूनच आपण जिंकतो ना? समोरच्यांचा दम ऐकू येत नाय. तो बंद केलात तर आपलंच नुकसान नाय काय?"

खालची सगळी माणसं बाईंकडे बघायला लागली. कारण ते खरंच होतं. आमच्या संघाचा निम्मा दरारा त्या पत्र्याचा होता, आणि शेवटचा सामना तर पुण्याच्याच मुलींशी होता.

बाई म्हणाल्या, "हरलो तर घरात हरू. तू पेंढा पसर."

चॅनेलवाल्याने वरून ड्रोन उडवून चित्रण केलं. संध्याकाळी त्याच्या चॅनेलवर आमचा हॉल, पेंढा-झापांनी मढवलेला, आणि खाली नाव: "रत्नागिरीचा आंतरराष्ट्रीय दर्जाचा गोठा." या वेळी बाई चिडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला हॉलबाहेर गाठलं, हाताला धरून बाकावर बसवलं, कोकम सरबत दिलं आणि प्रेमाने विचारलं, "बाळ, तुझी सगळी लसीकरणं झालीयत ना?" तो म्हणाला, हो, का? "काही नाय. इथल्या दमट हवेत एक डोस घ्यावा लागतो. पिशवीत आहे माझ्या." पोरगा सरबत अर्धं टाकून उठला. त्यानंतर त्याचा कॅमेरा दिसायचा, पण तो स्वतः बाईंपासून चांगला हातभर लांब असायचा.

सामन्याचा दिवस उजाडला आणि रत्नागिरीत लख्ख ऊन.

मी एवढं ऊन गणपतीनंतर कधी बघितलं नव्हतं. आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं. एकही ढग नाही. झापांखाली हॉल गरम व्हायला लागला होता. निरीक्षक दुपारी आले, उंच, शांत गृहस्थ, जुने खेळाडू. त्यांनी छपराकडे बघून मान डोलावली, पण म्हणाले, पाऊस नाही तर मी बघणार काय? मला पावसातला दम ऐकायचाय. आज झाला नाही तर मी तसं लिहीन, पुढचं आयोजकांच्या हातात.

पुढचं म्हणजे पुणे.

बाई फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांवर हात आडवा धरून वर बघत होत्या. जन्मभर ज्याला परक्यासमोर ओळख दाखवली नाही, त्याची त्या उघड्यावर, चार लोकांसमोर वाट बघत होत्या. "पड मेल्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत एकदा बोलावतेय." चॅनेलवाला लांबून चित्रण करत होता. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं हसूही आलं.

मग त्यांनी मान खाली आणली आणि त्यांची नजर अण्णांच्या टेम्पोवर गेली. अण्णा मदतीला म्हणून टेम्पो घेऊन आले होते, आणि त्यात बागेत आंब्यावर फवारणी करायचा पंप होता, इंजिनवाला, मोठं पिंप आणि लांबच लांब पाइप. बाईंनी अण्णांना बाजूला घेतलं. मी जवळच होते, पण त्या काय बोलल्या ते ऐकायची गरज पडली नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर आधी भीती दिसली, मग शाळेत वर्गाबाहेर पळून जाताना दिसतो तसा आनंद.

सामना सुरू झाला आणि पहिल्या पाच-सहा चढायांनंतर छपरावर आवाज सुरू झाला. हलका, भरीव, सारखा. हॉलमधल्या सगळ्यांनी वर बघितलं. खिडक्यांना बाईंच्या मैत्रिणींनी आधीच पडदे लावले होते, डोळ्यांवर उजेड येतो म्हणून. मागून इंजिनाची धडधड येत होती. निरीक्षकांनी विचारलं, हा आवाज कसला? अण्णा म्हणाले, जनरेटर, लाइट गेली तर असावा म्हणून. लाइट चालूच होती.

पेंढ्याने काम चोख केलं. पाऊस पडतोय हे कळत होतं, पण कानावर आदळत नव्हता. पुण्याच्या मुलीचा दम स्पष्ट ऐकू आला आणि तिने आमच्या दोघींना बाद केलं. आमच्या फौजेतून कोणीतरी हाय हाय केलं, तर बाईंनी वळून बघितलं. त्यांनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं. चढाई चालू असताना तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, डॉक्टर छाती तपासतात तेव्हा बसता तसं बसायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बायका सामन्याला गप्प बसल्या होत्या, आणि काहींना ते सोसवत नव्हतं हे त्यांच्या मांड्यांवर आवळलेल्या मुठींवरून दिसत होतं.

मध्यंतराला वास आला. आधी पुसट, मग चांगला नाकात बसणारा. गंधकाचा. पंप मोहोरावर गंधक फवारल्यापासून तसाच पडलेला, घाईत कोणी पिंप धुतलं नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे, बाई समोर बघत राहिल्या. निरीक्षक उठले. नाक वर करून एकदा वास घेतला आणि थेट बाईंसमोर येऊन उभे राहिले.

"बाई, मी तासगावचा," ते म्हणाले. "आमची द्राक्षबाग आहे. हा पाऊस आमच्याकडेही पडतो."

आता संपलं असं मला वाटलं. चॅनेलवाला खिडकीचा पडदा सरकवून बाहेरचं लख्ख ऊन आणि अण्णांचा टेम्पो टिपत होता. बाई उठल्या. मी त्यांना इतकं सरळ उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. कारणं द्यायला त्या कधी कमी पडत नसत, दवापासून उन्हाच्या त्रासापर्यंत. पण त्या म्हणाल्या, "होय, पंप आहे. वरचा मेला आला नाय, म्हणून. ही फेरी गेली ना, तर या बायांतली एकही पुण्याला येणार नाय. तुम्ही आमच्या हवेवर काय ते लिहा. पण यांना बघायला मिळालं पाहिजे."

निरीक्षकांनी त्यांच्यामागे बसलेल्या रांगेकडे एकदा बघितलं. मासे विकून थेट आलेल्या, डब्यातून जेवण आणलेल्या, मांडीवर नातवंडं घेतलेल्या. मग अण्णांना म्हणाले, "एक पंप? एवढा हलका पाऊस कोकणात पडतो का हो? उद्या मला लोक हसतील. अजून असतील तर आणा. आणि पिंपं धुऊन आणा."

मध्यंतर लांबलं. पावसच्या वाटेवरून दोन टेम्पो आले. दुसऱ्या डावात छपरावर जे सुरू झालं ते खरोखर आमच्या इथल्यासारखं होतं. पन्हळांतून धारा लागल्या, दाराशी डबकं झालं, आणि निवेदक स्वतः बाहेर जाऊन ओला होऊन परत आला. भर उन्हात.

सामना शेवटपर्यंत घासून चालला. शेवटची चढाई आमची. पुण्याच्या मुली एका गुणाने पुढे. चढाईला गेली नाटे गावची पोरगी, होडीवाल्यांच्या घरातली, आमची सगळ्यात भरवशाची. दोन गुण आणले तर जिंकणार. निरीक्षक उठून पंचांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, कान पुढे करून. हॉलमध्ये कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. वर तीन पंपांचा पाऊस, आणि त्याच्या खालून, सुतासारखा, तुटत नाही असा, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी."

ती आत घुसली. एकीच्या पायाला हात लावला. मागे वळली तोच डावीकडच्या दोघींनी तिचा पाय धरला. मध्यरेषा हातभर लांब होती. ती ओढत राहिली, आणि दम चालूच ठेवला, आवाज बारीक होत गेला, पण तुटला नाही, आणि ती पोचली नाही. शिट्टी वाजली. पुण्याच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

मी बाईंकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ चालू होते. आवाज येत नव्हता, पण काय चाललंय ते दिसत होतं. शिट्टी वाजून गेली, पोरी उठल्या, तरी त्या थांबल्या नाहीत. मी दंडाला हात लावला, तर एक बोट वर करून त्यांनी मला थांबवलं, आणि छातीत होता नव्हता तो सगळा वारा संपेपर्यंत ओठ हलवत राहिल्या.

पलीकडे निरीक्षक पंचांना काही विचारत होते. पंचांनी हाताने खूण केली, शेवटपर्यंत, अगदी शेवटपर्यंत. निरीक्षकांनी मान हलवली, आमच्या रांगेकडे बघून दोन्ही हात जोडले आणि बोटाने खाली जमिनीकडे दाखवलं. इथेच.

बाईंनी डोळे उघडले. धाप लागली होती. "ऐकलान ना त्यानं?" त्यांनी मला विचारलं. "शेवटपर्यंत ऐकलान ना?"

ऐकलं, मी म्हटलं. उपांत्य फेरी आपल्याकडेच.

त्यांनी पिशवीतून चकल्यांचा डबा काढला, झाकण उघडून शेजारणीच्या हातात दिला, आणि मग कुठे गुणफलकाकडे मान वळवली.

"बरं, आता सांग," त्या म्हणाल्या. "कितीने हरलो गो आपण?"